आपोआप लागणारी सेफ्टी

"बंदुकीत काही दोष नाही," बापटकाका म्हणाले आणि त्यांनी ती काउंटरवरच्या हिरव्या कापडावर ठेवली.

कितीतरी वेळा त्यांनी ती उघडून मिटली होती. प्रत्येक वेळी खट असा आवाज होऊन सेफ्टीचा खटका मागे आला होता. समोरच्या बाकावर शंकरआबा बसले होते. राजगडाच्या पायथ्याच्या पालीपुढच्या वाडीतले शेतकरी, काकांचं जुनं गिऱ्हाईक. त्यांची सून मंदा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. काकांचं बोलणं ऐकून आबांनी तिच्याकडे बघितलं नाही, नुसती मान हलवली. कोर्टात निकाल लागल्यासारखी.

"म्या खटक्याला बोट लावलं न्हाई," मंदा म्हणाली.

"मग काय भुतानं लावलं?" आबांनी विचारलं.

"मला काय ठावं? म्या वाकळ ओढली. तेवडंच."

मी काउंटरच्या आतल्या बाजूला उभी होते. मला काहीतरी बोलायचं होतं, पण काय ते मलाच माहीत नव्हतं.

मी भोरला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. तास संपले की संध्याकाळपर्यंत काकांच्या दुकानात काम करते. काका परवान्यावर बंदुका विकतात आणि दुरुस्तही करतात. गिऱ्हाइकाचे कागद बघणं, साफसफाईला आलेल्या बंदुका पुसणं, काका काम करत असतील तेव्हा हत्यारं हातात देणं, असं माझं काम. आई गावात अजून सांगते की सुजाता हार्डवेअरच्या दुकानात आहे.

आमच्याकडे येणारे बहुतेक लोक पीक राखायचा परवाना असलेले. वेल्ह्याच्या बाजूला भात तयार झालं की रानडुकरं खाचरात उतरतात. एका रात्रीत खाचर लोळवून ठेवतात. मग राखणीला खोपीत झोपायचं, डबे वाजवायचे, नाहीतर हवेत बार काढायचा. डुक्कर मारायचं तर वनखात्याची वेगळी परवानगी लागते, म्हणून बंदूक बहुतेक वेळा आवाजासाठीच असते.

या लोकांना बंदूक निवडून देताना काका माझ्याशी बरंच बोलत. कॅटलॉगमध्ये खूप सोयी लिहिलेल्या असतात. त्यातल्या कुठल्या कामाच्या आणि कुठल्या नुसत्या दाखवायच्या, हे मी त्यांच्याकडून थोडंथोडं शिकले. मागच्या लाकडी दस्त्याच्या टोकाला रबर असतं, ते कामाचं. बार उडाला की खांद्याला बसणारा धक्का त्याने कमी होतो. नळीचं तोंड किंचित निमुळतं केलेलं असतं, त्याला चोक म्हणतात. तोही कामाचा. पाण्याच्या नळीच्या तोंडाशी अंगठा धरला की धार लांब जाते, तसे छर्रे फार न पसरता जातात. इजेक्टर म्हणजे रिकामी पुंगळी बाहेर उडवणारी सोय. ती वेगाने बार काढणाऱ्यांना बरी. आमच्या गिऱ्हाइकाला त्याचा त्रासच, कारण मग पुंगळी चिखलात शोधत बसावं लागतं. सोनेरी चाप, नळीवर कोरलेली नक्षी, टॉर्च लावायची पट्टी, हे सगळं काकांच्या मते लग्नातल्या बँडवाल्याच्या कोटासारखं.

आबांच्या मुलाला तशी टॉर्चची पट्टी हवी होती. बंदूक घेतली तेव्हा तोही आला होता. आबा त्याला म्हणाले होते, "डुकराचा फोटू काडायचाय का तुला?" सगळे हसले होते.

पण एका सोयीबद्दल कुणी हसलं नव्हतं. ती म्हणजे आपोआप लागणारी सेफ्टी.

दोन नळ्यांची डबल बार बंदूक उघडायला वरच्या बाजूला एक लिव्हर असते. ती अंगठ्याने बाजूला केली की नळ्या पुढे झुकतात आणि मागून काडतुसं भरता येतात. साध्या बंदुकीत सेफ्टी आपल्याला लावावी लागते. आबांच्या बंदुकीत लिव्हरलाच आतून एक बारीक काडी जोडलेली होती. लिव्हर हलली की ती काडी सेफ्टीचा खटका मागे ढकलते. मग एक छोटी स्प्रिंग त्याला शेवटच्या जागी बसवते आणि चाप अडतो. म्हणजे माणूस विसरला तरी बंदूक विसरत नाही. लहान मुलं असलेल्या घरात हीच घ्या, असं काकांनी आबांना सांगितलं होतं, आणि आबांनी घोड्याची जुनी बंदूक देऊन ही घेतली होती. घोड्याची म्हणजे जिच्या पाठीवर ठोके देणारे दोन घोडे बाहेर दिसतात ती. नव्या बंदुकीत ते आत लपलेले असतात.

आता झालं होतं असं. भात कापणीला आलेलं. आबा, मंदा आणि तिचा लहान मुलगा खोपीत झोपायला. मंदाचा नवरा पुण्यात कामाला, सुट्टीलाच यायचा. परवा पहाटे आबा बाहेर गेले होते. भरलेली बंदूक खाटेवर वाकळेच्या कडेला ठेवलेली. मंदा उठून वाकळा घड्या करत होती. एक वाकळ ओढली, तिच्या घडीत चाप अडकला आणि बार झाला. खोपीचा कूड फुटून छर्रे बाहेर गेले.

"पोरगं ह्या अंगाला हुतं म्हनून," मंदा म्हणाली.

"पोलिसांना कळवलंत?" काकांनी विचारलं.

"पोलीसपाटलाच्या कानावर घातलंय. त्यो म्हनला, आदी बंदूक दावून या."

काकांनी बंदूक तपासली ती अशी. आधी आत काही नाही याची खात्री केली. मग दोन डमी काडतुसं घातली. ती नुसती काडतुसाच्या आकाराची असतात, दारू नसते. बंदूक मिटली, सेफ्टी लागलेली, चाप ओढला. काही नाही. खटका पुढे करून पुन्हा उघडली, पुन्हा मिटली, पुन्हा चाप. काही नाही. सेफ्टी तिचं काम चोख करत होती.

"म्हणजे कुणीतरी खटका पुढे केला होता," काका म्हणाले. "आबा, परवान्यावर ज्याचं नाव नाही त्याच्या हाताला बंदूक लागता कामा नये. मी किती वेळा सांगायचं?"

"तेच मी म्हनतोय. हिनंच कायतरी केलं आसंल. भ्याली, आता बोलंना."

मला मंदाचं ते गप्प बसणं बघवेना. ती माझ्याहून फार तर चार-पाच वर्षांनी मोठी असेल.

मला काळजी ही होती की ही बंदूक आता परत जाणार. आज संध्याकाळी आबा ती घेऊन नसरापूरला उतरणार, तिथून वेल्ह्याची गाडी धरणार, आणि रात्री ती पुन्हा त्याच खाटेवर जाणार. कारण दुकानदाराने सांगितलंय की तिच्यात दोष नाही. आणि मंदाने खोटं सांगितलं नसेल तर?

"काका, एक विचारू?" मी म्हणाले. माझा आवाज एवढा बारीक आला की त्यांनी वर बघितलंच नाही. मी पुन्हा म्हणाले.

"हं."

"स्प्रिंग सैल झाली असेल का?"

"दीड वर्षात? आणि आता वीस वेळा बरोबर चालली ती?"

"आतून बघितलं तर?"

"आतून बघायचं तर दस्ता उतरवावा लागेल. आबांची गाडी आहे. उगाच कशाला?"

आबा म्हणाले, "माज्याकडं येळ न्हाई पोरी. आज राती डुकरं उतरली तर कापणीला काय ऱ्हायचं न्हाई."

काका बरोबर होते. माझ्याकडे कारण नव्हतं. स्प्रिंगचा माझा अंदाज नुसता पुस्तकातला होता. काका हे काम माझ्या जन्माच्या आधीपासून करतात. मी त्यांच्यापुढे पुन्हा तोंड उघडलं असतं तर ते ओरडले नसते, पण त्यांना वाईट वाटलं असतं. शिवाय मला हे काम टिकवायचं होतं. मी कापड घेऊन बंदूक पुसायला लागले, कारण ते माझं कामच होतं.

पुसताना खटक्याच्या फटीत लाल काहीतरी दिसलं. गंज वाटला. नखाने काढलं तर चिकट निघालं. कुंकू होतं.

"हे कसलं?" मी आबांना विचारलं.

"दसऱ्याचं. पूजा केली न्हवं."

काका म्हणाले, "सगळ्याच बंदुकांवर असतं ते दसऱ्यानंतर. पुसून टाक."

आमच्या घरी दसरा आम्ही वेगळ्या कारणाने पाळतो. शस्त्रांची पूजा आमच्यात नसते. त्यामुळे त्या दिवशी बंदुकीला नेमकं काय काय करतात ते मला खरंच माहीत नव्हतं. काकांच्या घरी ती पूजा दरवर्षी होत असल्याने त्यांना विचारायचं कधी सुचलं नसावं. मी विचारलं, "आबा, पूजेत काय करता?"

"काय करायचं? धुवून पुसून पाटावर ठिवायची. हळदकुकू लावायचं, झेंडूचं फूल ठिवायचं. नारळ फोडायचा. आन तेल सोडायचं."

"तेल कुठं?"

"खटक्यात, चापाच्या भोकात. हत्याराला तेल नगं? माजा बाप सोडायचा."

"कुठलं तेल?"

आबांनी माझ्याकडे असं बघितलं की एवढं शिकून मला तेवढंही कळू नये. "देवाचं. खोबरेल."

मी काकांकडे बघितलं. काकांनी कपाळाला आठ्या घातल्या. "खोबरेल चिकट असतं, मान्य. पण चिकटलं असतं तर आता अडकलं नसतं का? सरळ चालतंय ते."

तेही खरं होतं. मग मंदाच म्हणाली, "मामंजी, पहाटंचं अडकतंय म्हनला हुता तुमी. दोनदा."

"मी कदी म्हनलो?"

"खटका कसनुसा झालाय म्हनला हुता. आन दुपारी म्हनला, झाला नीट."

"पहाटे? म्हणजे थंडीत?" मी विचारलं.

"गारठा किती आसतो तकडं," मंदा म्हणाली. "हात काम करत न्हाईत."

तेव्हा मला सुचलं. हॉस्टेलवर त्या आठवड्यात रोज सकाळी आमची भांडणं चालली होती. खोबरेल तेलाची बाटली थिजून पांढरी व्हायची. कुणीतरी ती उन्हात ठेवायची आणि कुणीतरी दुसरी तिथून उचलायची. भोरमध्ये पहाटे एवढं, तर राजगडाच्या पायथ्याला किती? आणि आबा बंदूक पिशवीत घालून दिवसाउजेडी एसटीने आले. उन्हातून. दुकानात पोचेपर्यंत तेल पातळ झालेलं असणार. काका वीस वेळा तपासत होते ती दुपारची बंदूक होती. बार झाला होता तो पहाटेच्या बंदुकीतून.

हे मी काकांना सांगितलं. नीट सांगता आलं नाही. मधेच अडखळले, एक वाक्य दोनदा म्हटलं.

काकांनी ऐकून घेतलं. "मग? रात्रभर ठेवून घेऊ?"

"ठिवून न्हाई घ्यायची," आबा उठलेच. "आजची रात म्हत्त्वाची हाय."

"बर्फ लावून बघू या," मी म्हणाले.

"बर्फ? बंदुकीला? गंज चढवायचाय का?"

"प्लास्टिकच्या पिशवीत घालून. कोरडा."

काकांनी शेजारच्या कोल्ड्रिंकवाल्याला हाक मारली. त्याने फ्रीझरमधल्या पाण्याच्या गोठलेल्या दोन बाटल्या दिल्या आणि विचारलं, "काय काका, पाय मुरगळला?"

"बंदुकीचा," काका म्हणाले.

मी बाटल्या दोन-दोन पिशव्यांत गुंडाळल्या, वर टॉवेल गुंडाळला आणि बंदुकीच्या नळ्यांच्या मागच्या टोकाला लावून ठेवल्या. सगळे बसून राहिलो. आबा दर थोड्या वेळाने रस्त्याकडे बघत होते. माझं चुकलं तर मी एका म्हाताऱ्या माणसाची गाडी चुकवली असती, काकांना गिऱ्हाइकापुढे हास्यास्पद केलं असतं, आणि मंदावरचा आरोप आणखी पक्का झाला असता. सगळ्यात शेवटची गोष्ट सगळ्यात वाईट होती.

काकांनी बंदूक उचलली, खटका पुढे केला. लिव्हर दाबली. खट.

सेफ्टी लागली. अगदी व्यवस्थित.

आबा बंदुकीची पिशवी उघडायला लागले. "चला. झालं समाधान?"

मंदाने खाली बघितलं.

मी म्हणाले, "काका, एकदा परत. मी चुकीच्या जागी धरलं. नळ्या गार झाल्या. सेफ्टी तर मागे आहे, दस्त्याच्या मानेत. तिथे लाकूड आहे, गारवा आत जायला वेळ लागेल."

"सुजाता."

"एकदाच काका."

काकांनी सुस्कारा टाकला आणि आबांना म्हणाले, "बसा. चहा सांगतो. गाडी चुकली तर नसरापूरपर्यंत मी सोडतो."

या एका वाक्यासाठी मी त्यांची कायम ऋणी आहे. ते माझ्या म्हणण्यावर विश्वास ठेवून बोलले असं मला वाटत नाही. पण एक माणूस सांगतोय की बंदूक आपोआप उडाली, आणि आपण ती पुन्हा त्याच्या घरी पाठवतोय, हे त्यांनाही कुठेतरी टोचत असणार.

या वेळी बाटल्या खटक्याच्या वर आणि खाली धरल्या. लाकूड आणि लोखंड मिळतात तिथे. चहा आला, प्यायला, कप रिकामे झाले. काकांनी बंदूक घेतली. बाजूला वळले, नळ्या भिंतीकडे केल्या. खटका पुढे करून लिव्हर दाबली, डमी घातली, मिटली.

खट झालं नाही.

म्हणजे खटका मागे गेला होता. पण शेवटचा टप्पा त्याने घेतला नव्हता. तांबडा ठिपका, जो सेफ्टी उघडी असल्याची खूण असतो, तो अर्धा झाकलेला होता. भरउजेडात मला तो वाकून बघावा लागला. खोपीत पहाटे कुणाला दिसला असता?

काकांनी चाप ओढला.

टक.

डमी असल्यामुळे पुढे काही झालं नाही. पण तो टक दुकानात सगळ्यांनी ऐकला. कोल्ड्रिंकवाला बाटल्या परत घ्यायला आला होता, तोही जागीच थांबला.

काकांनी पुन्हा केलं. पुन्हा टक. तिसऱ्यांदा सेफ्टी लागली, चौथ्यांदा पुन्हा नाही. मी शास्त्र शिकते, त्यामुळे एकदा घडलं म्हणजे सिद्ध झालं असं मानायचं नसतं हे मला माहीत आहे. म्हणून मी काकांना म्हटलं की आता गरम करून बघा. त्यांनी खटक्यावर तळहात दाबून धरला. बराच वेळ. मग लिव्हर दाबली. खट. लागली.

काकांनी स्क्रूड्रायव्हर मागितला. दस्ता उतरवला. आत, खटक्याच्या काडीच्या आणि स्प्रिंगच्या भोवती, पिवळट लाल मेणासारखं काहीतरी बसलं होतं. खोबरेल, कुंकू, आणि बहुधा नारळ फोडल्यावर उडालेलं पाणीही. स्प्रिंग चांगली होती. पण थिजलेल्या तेलातून खटका शेवटपर्यंत रेटायचा जोर तिच्यात नव्हता. तेवढ्यासाठी ती केलेलीच नव्हती.

आबांनी ते बोटावर घेऊन हुंगलं. "खोबरेल हाय," ते म्हणाले. मग बोट धोतराला पुसत, "जुन्या बंदुकीत बी हेच घालायचो. तिला कदी काय झालं न्हाई."

"जुन्या बंदुकीत आत अडकायला काही नव्हतंच आबा," काका म्हणाले. "आणि भरलेली बंदूक खाटेवर ठेवायचीच नसते. सेफ्टी असो नाहीतर नसो. जुनी ठेवत होता का?"

"छ्या! जुनीचं घोडं दिसायचं की वर उबं. त्ये बगून कोन ठिवील? ती रिकामी करूनच खुट्टीला लावायचो."

"मग ही का ठेवली?"

आबांनी काकांकडे सरळ बघितलं. "तुमीच म्हनला हुता. आपोआप लागती म्हनून."

काका स्क्रूड्रायव्हर हातात धरून तसेच उभे राहिले. हे वाक्य ते कितीतरी गिऱ्हाइकांना म्हणाले होते, आणि मी पाठीमागे उभी राहून ते ऐकलेलं होतं. मीही दोन-तीन जणांना तसंच्या तसं म्हणाले होते.

मग ते कामाला लागले. सगळे भाग सुटे करून रॉकेलने धुतले, फुंकून कोरडे केले, मशीनचं पातळ तेल काडीच्या टोकाने एक-एक थेंब लावलं. बंदूक जोडली. बर्फाच्या बाटल्या अजून पूर्ण वितळल्या नव्हत्या, त्या पुन्हा लावून बघितल्या. प्रत्येक वेळी खट. आता गारठ्यातही सेफ्टी लागत होती.

"झाली नीट?" आबांनी विचारलं.

"झाली."

"मग द्या. निगतो."

"म्या येनार न्हाई," मंदा म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"खोपीत म्या येनार न्हाई. पोराला बी आणनार न्हाई. आता तेल काडलं, उद्या दुसरं कायतरी आडकंल. ती भरलीया का न्हाई, लागलीया का न्हाई, मला कसं कळायचं? तुमाला बी कळलं न्हाई. दुकानात बी कळलं न्हाई वीस डाव बगून."

आबांनी बंदुकीसाठी पुढे केलेला हात मागे घेतला.

मला वाटतं, बंदुकीबद्दल इतका नेमका प्रश्न मी त्या दुकानात दुसऱ्या कुणाकडून ऐकला नाही. कॅटलॉगात तो नसतो. काकांनी बंदूक उघडली, नळ्या झुकवून तशीच उघडी आडवी धरली आणि मंदाला जवळ बोलावलं.

"हात लावायचा नाही. नुसतं बघायचं. मागून आत बघ. काय दिसतंय?"

मंदा वाकली. एक डोळा मिटला. "रस्ता दिसतोय. कोल्ड्रिंकवाला दिसतोय."

"दोन्ही नळ्यांतून?"

"व्हय. दोनीतनं."

"उजेड दिसला म्हणजे रिकामी. आणि अशी मोडलेली, म्हणजे नळ्या झुकवून उघडी असताना ती उडूच शकत नाही. सेफ्टी असो, नसो, अडको. ही मोडलेलीच ठेवायची. लांबूनही कळतं, अंधुक उजेडातही हात न लावता कळतं." मग आबांकडे वळून, "काडतुसं कमरेच्या पिशवीत. बार काढायच्या वेळेला भरायची. कळलं?"

"तवर डुकरं थांबत्यात व्हय?"

"न थांबू देत," मंदा म्हणाली. "मोडल्याली दिसली तरच म्या खोपीत येनार."

आबांनी बंदूक मोडूनच पिशवीत घातली. सुनेला ते काही म्हणाले नाहीत. माझी अपेक्षा होती की म्हणतील, निदान एखादा शब्द. पण दारात गेल्यावर त्यांनी तिच्या हातातली भाजीची जड पिशवी घेतली आणि स्वतःच्या खांद्याला अडकवली. मग काकांनी त्यांना नसरापूरपर्यंत सोडलं. दुकान बंद करायचं काम माझ्याकडे आलं.

कापणी झाल्यावर आबा आणि मंदा भोरच्या बाजाराला आले तेव्हा दुकानात डोकावले. मी विचारलं, कसं काय?

"काय कसं?" आबा म्हणाले. "बंदूक भरंस्तवर डुकरं पळाली. एका खाचराचा कोपरा खाऊन गेली."

"पळाली न्हवं? मग झालं," मंदा म्हणाली. मुलगा तिच्या कडेवर होता. त्याला काउंटरवरची डमी काडतुसं हवी होती. मी दिली नाहीत, त्याने भोकाड पसरलं.

काका आता नवीन बंदूक देताना आपोआप लागणाऱ्या सेफ्टीबद्दल फारसं बोलत नाहीत. ती वाईट आहे असं त्यांचं म्हणणं नाही, माझंही नाही. साफ ठेवली तर ती चांगली चालते. पण आधी ते विचारतात, पूजेला कुठलं तेल घालता. काही लोक नाराज होतात. मग ते मशीन ऑईलची छोटी बाटली काढतात आणि सांगतात की देवाला खोबरेल दाखवा, बंदुकीला हे.

मी अजून शिकतेच आहे, त्यामुळे माझं मत किती धरायचं ते वाचणाऱ्याने ठरवावं. मला आता कुणी बंदुकीतली नवी सोय दाखवली की मी दोन गोष्टी विचारते. ही बंद पडली तर बाहेरून दिसेल का? आणि ही आहे म्हणून घरातली माणसं काय करायचं सोडून देतील? पहिल्याचं उत्तर विकणाऱ्याला सहसा ठाऊक नसतं. दुसऱ्याचं उत्तर विकत घेणाराही देऊ शकत नाही. ते त्या बंदुकीशेजारी झोपणाऱ्या माणसाला विचारावं लागतं, आणि ते माणूस बहुधा दुकानात आलेलंच नसतं.